एक प्रमाण गोणी चित्रे

वैशाख भरात आला, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सिंदेवाहीच्या आसपासच्या गावांतून माणसे झुंजूमुंजू होण्याआधीच जंगलाची वाट धरतात; अलीकडे वाघाच्या धास्तीने एकटेदुकटे कोणी जात नाही, घोळक्याने जातात; ऊन चढण्यापूर्वी तेंदूची पाने खुडून परततात, भर दुपारी ओसरीवर बसून सारे कुटुंब पानावर पान रचून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते, आणि सायंकाळी ते पुडे फडावर फडमुन्शीपुढे ओळीने मांडले जातात. अशा एक हजार पुड्यांची मिळून सरकारी हिशेबात एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने. हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु तो डोळ्यांपुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो मात्र तेंदूपत्त्याशी सुतराम संबंध नसलेल्या एका विषयाच्या निमित्ताने.

चित्रकलेचे शिक्षण घेऊन नुकताच गावी परतलेला एक तरुण एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘काका, आपल्या झाडीतली एखादी गोष्ट घेऊन पूर्ण लांबीचा ॲनिमेशनचा चित्रपट काढायचा झाला, तर माणसे किती लागतील?’’ मी चित्रपटसृष्टीतला नव्हे. पण हिशेबाची आवड असलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे भुकेल्यापुढे ताट मांडण्यासारखे आहे. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. दीड तासाचे सेकंद चोपन्नशे. गुणाकार केला, तर चौकटी भरतात १,२९,६००. आता डोळ्याला प्रत्येक चौकटीत नवे चित्र लागत नाही. एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवले, तरी हालचाल गुळगुळीत दिसते, आणि जगभरचे चित्रकार बहुतेक वेळा तसेच करतात. या काटकसरीनंतर उरतात ६४,८०० चित्रे. म्हणजे तेंदूपानाची जवळजवळ एक प्रमाण गोणी. आणि तीही खुडलेली नव्हे, एकेक पान हाताने रेखाटलेली. व्हॅन गॉग या चित्रकाराच्या जीवनावरचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ हा २०१७ चा चित्रपट सव्वाशे चित्रकारांनी तैलरंगांत रंगवला, आणि त्याच्या चौकटींची संख्या सुमारे पासष्ट हजार सांगितली जाते. आमची गोणी जवळपास तेवढीच भरली, याचे त्या तरुणाला कौतुक वाटले आणि मला भय.

भयाचे कारण पुढच्या ओळीत होते. एका चित्रकाराने दिवसाकाठी दहा चित्रे नीट काढली असे समजू, आणि वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरू. मग एकट्याने ही गोणी भरायला साडेएकवीस वर्षे लागतात. त्यातही एका चौकटीत दोन पात्रे असली तर ती पुष्कळदा वेगवेगळी काढावी लागतात, मागचे झाड-घर निराळे रंगवावे लागते, कच्ची रेघ पक्की करावी लागते, मग रंग, मग सगळे थर एकावर एक बसवणे. म्हणजे एकच पान चार-पाच हातांतून जाते. तेव्हा तरुणाने शाळेत शिकलेले त्रैराशिक मांडले: एका माणसाला साडेएकवीस वर्षे, तर वीस माणसांना एक वर्ष आणि वर थोडे दिवस. गणित बिनचूक होते. परंतु चित्रपटाचे काम काळ-काम-वेगाच्या त्रैराशिकाला जुमानत नाही, आणि का जुमानत नाही याचे फार बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे.

गीतांजली राव या मुंबईच्या चित्रकर्तीने जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर सचेतनपटाची, म्हणजे ॲनिमेशनची, विद्या काम करता करताच आत्मसात केली. ‘प्रिंटेड रेनबो’ हा त्यांचा पंधरा मिनिटांचा लघुपट त्यांनी जवळजवळ एकहाती, सुमारे तीन वर्षे खपून रंगवला, आणि २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो गौरवला गेला. पुढे २०१४ मध्ये त्यांनी ‘ट्रू लव्ह स्टोरी’ हा लघुपट केला. त्यातल्या बीजाचाच विस्तार होऊन ‘बॉम्बे रोज’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. फुले विकणारी कमला, सलीम, आणि त्यांच्याभोवती रात्रंदिवस वाहणारी मुंबई असा त्याचा विषय. मुंबईतल्या पेपरबोट या स्टुडिओत साठेक चित्रकारांनी सुमारे दीड वर्ष चौकटीमागून चौकट रंगवून तो सिद्ध केला. २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला.

आता हिशेब पाहा. पंधरा मिनिटांना एका हाताची तीन वर्षे लागली, तर दीड तासाला, म्हणजे सहापट लांबीला, अठरा वर्षांचे काम लागायला हवे. प्रत्यक्षात साठ माणसे दीड वर्ष राबली. म्हणजे स्थूलमानाने नव्वद वर्षांचे काम झाले. पाचपट! मोठ्या चित्रपटाची चित्रे अधिक भरगच्च होती, गर्दीची दृश्ये अधिक होती, हे खरेच, आणि ही तुलना अगदी काटेकोर नाही, हेही मान्य केले पाहिजे. तथापि या तफावतीतला एक मोठा भाग असा आहे, की तो कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्याने दिसत नाही आणि म्हणूनच नवख्या निर्मात्याचा घात करतो. एकटा माणूस चित्र काढतो तेव्हा नायिकेचे नाक कसे आहे, हे त्याला कोणाला सांगावे लागत नाही. साठ माणसे काढू लागली, की तेच नाक समोरून, बाजूने, खालून, हसताना आणि रडताना कसे दिसते याचा तक्ता आधी तयार करावा लागतो, तो साठांनाही समजावून द्यावा लागतो, त्यांनी काढलेले रोज तपासावे लागते, चुकलेले परत पाठवावे लागते आणि परत पाठवताना काढणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून चार शब्द गोडही बोलावे लागतात. हे सारे करणारी माणसे स्वतः एकही चित्र काढत नाहीत, आणि पगार तर घेतातच. गोणीतले पान वाढत नाही, पण मजुरी वाढते.

एकटेपणाचा मार्ग मग स्वस्त नाही काय? काही थोड्यांना तो साधतो. गिंट्स झिल्बालोदिस या लॅटव्हियन तरुणाने ‘अवे’ हा सव्वा तासाचा चित्रपट साडेतीन वर्षांत एकट्याने केला. पुढे २०२४ मध्ये ‘फ्लो’ हा चित्रपट थोड्याशा मंडळींसह, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर तयार केला, आणि त्याला ऑस्कर मिळाले. आपल्याकडे हे उदाहरण सध्या फार हौसेने सांगितले जाते. सांगणारे दोन गोष्टी विसरतात. ‘फ्लो’चा खर्च सुमारे पस्तीस लाख युरो होता, आणि त्यासाठी तीन देशांतली मंडळी एकत्र आली होती, प्रणाली फुकट असली म्हणून माणसे फुकट राबत नाहीत. दुसरे असे, की हा चित्रपट संवादरहित आहे, मांजर आणि इतर प्राण्यांचा आहे. विषयाची निवडच अशी केली गेली, की ओठांच्या हालचालींचे सगळे काम आणि भाषांतराचा सगळा खर्च वाचला. माझ्या मते ही निवड हीच त्या चित्रपटाची उत्कृष्ट व्यवस्था होय. कथा लिहितानाच मनुष्यबळाचा विचार करणे याला काही लोक कलेशी प्रतारणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्याला हत्ती पोसायचा नाही, त्याने मिरवणुकीच्या कथेत हत्ती आणू नये.

तरुणाला मी विचारले, ‘‘तुझ्या गोष्टीत काय काय आहे?’’ तो म्हणाला, ‘‘रोवणी आहे, मंडई आहे, पूर आहे, आणि वाघ आहे.’’ मी कपाळाला हात लावला. कारण चिखलात ओळीने वाकलेल्या पंचवीस बाया, गर्दीने फुललेली मंडईची जत्रा, वाहते पाणी आणि चार पायांचे पट्टेदार जनावर, या चारही गोष्टी सचेतनपटात अत्यंत महाग. जमाबंदीच्या काळात जमिनीची प्रतबंदी होई. काळी, बरड, खारवट अशी प्रत पाहून सारा ठरे. जाणता निर्माता चित्रपटाच्या प्रत्येक शॉटची अशीच प्रतबंदी करतो. कंदिलाच्या उजेडात निश्चल बसलेली म्हातारी बोलते आहे, फक्त ओठ आणि पापण्या हलतात, हा शॉट हलक्या प्रतीचा. तीच म्हातारी उठून काठी टेकत अंगण ओलांडते, हा मध्यम. आणि तिच्या अंगणात पुराचे पाणी शिरते, हा भारी. चित्रपटात बाराशे शॉट असतील, तर त्यांपैकी भारी किती, मध्यम किती, हलके किती, हे आधी ठरल्याशिवाय ‘माणसे किती लागतील’ या प्रश्नाला उत्तरच नाही. आणि दिग्दर्शकाचे खरे कसब येथेच दिसते, की वाघ संपूर्ण चित्रपटात दोनदाच दिसतो, पण प्रेक्षकाला तो सतत वावरत असल्याचा भास होतो. बाकीच्या वेळी वाकलेले गवत असते, थांबलेले रातकिडे असतात, आणि कान टवकारलेला बैल असतो.

माणसांच्या संख्येपेक्षाही त्यांना कोणत्या क्रमाने बोलवायचे, यावर असा चित्रपट तरतो किंवा बुडतो, असे माझे मत होत गेले आहे. आणि धानपट्ट्यात राहणाऱ्याला ते समजायला कठीण जाऊ नये. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडी धानाचे पऱ्हे टाकतात; ते वाढून लावण्याजोगे होतात, दरम्यान बांधीत पाणी साचते, चिखलणी होते, आणि मगच रोवणीच्या बाया बोलावल्या जातात. पऱ्हे वितभरही झाले नाहीत, चिखल झालेला नाही, आणि हौसेने पंचवीस बाया बांधावर आणून बसवल्या, तर त्या धुऱ्यावर गप्पा मारतील, दुपारची भाकर खातील, आणि संध्याकाळी रोज मागतील. त्यात त्यांचा काय दोष? स्वतंत्र सचेतनपटांपैकी जे अर्धवट राहतात, त्यांतले बरेचसे याच बांधावर बसून संपतात. पैसा हाती येतो, उत्साहाच्या भरात जागा भाड्याने घेतली जाते, संगणक येतात, तीस चित्रकार मासिक वेतनावर नेमले जातात, आणि पटकथेचा उत्तरार्ध अजून लेखकाच्या डोक्यातच असतो.

पऱ्हे म्हणजे येथे काय? आधी पटकथा, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे सबंध चित्रपट शॉटमागून शॉट लहान लहान चौकोनांत रेखाटून काढणे, मग तेच चौकोन एकामागून एक पडद्यावर ठरलेल्या वेळेपुरते दाखवून, त्यांना कच्चे आवाज आणि कच्चे संगीत जोडून केलेला ॲनिमॅटिक. हा ॲनिमॅटिक पाहायला ओबडधोबड असतो, पण तो दीड तासाचा पूर्ण चित्रपट असतो, आणि गोष्ट कोठे रेंगाळते, कोठे समजत नाही, हे त्यात उघडे पडते. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रपटात संकलक शेवटी येतो. दहा तासांचे चित्रण करून आठ तासांचे टाकून देण्याची तेथे मुभा असते. सचेतनपटात टाकून दिलेले एक मिनिट म्हणजे टाकून दिलेली सातशे वीस चित्रे. म्हणून येथे संकलकाला आरंभीच बोलवायचे, आणि कात्री चालवायची ती कागदावर चालवायची. पहिल्या वर्षी खरोखर हवीत ती सहा-सात माणसे: दिग्दर्शक, लेखक, स्टोरीबोर्ड रेखाटणारे एक-दोघे, चित्रपटाचे रंगरूप ठरवणारा एक, संकलक, आणि एक व्यवस्थापक.

या व्यवस्थापकाला नवखे निर्माते बहुधा विसरतात, कारण तो कलावंत नसतो. माझ्या मते नेमणुकीच्या यादीत दिग्दर्शकाच्या खालोखाल त्याचे नाव असावे. बाराशे शॉटांपैकी क्रमांक चारशे सतरा आज कोणाकडे आहे, रेघ पक्की झाली की नाही, रंगाला गेला की तपासणीत अडकला, दुसऱ्यांदा परत का आला, याची नोंदवही तो ठेवतो. तलाठ्याच्या दप्तरात जसे प्रत्येक गट क्रमांकाचे पान असते आणि जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याचा फेरफार त्यावर चढतो, तसे प्रत्येक शॉटचे पान असावे लागते. चित्रकार मध्येच काम सोडून जातात, हे गृहीतच धरावे. लग्न होते, अधिक पगाराची नोकरी मिळते, डोळे आणि मनगट थकतात. जाणाऱ्याबरोबर त्याच्या डोक्यातली माहिती जाऊ नये, ती दप्तरात राहावी, एवढे ज्याला साधले, त्याचा चित्रपट पुढे सरकतो. हा माणूस स्वभावाने थोडा खडूस असला तरी चालेल, किंबहुना असावाच.

मग रोवणी. ॲनिमॅटिक पक्का झाला, पात्रांचे तक्ते झाले, एक-दोन मिनिटांचा तुकडा नमुना म्हणून शेवटपर्यंत तयार करून पाहिला, त्याला प्रत्यक्ष किती दिवस लागले हे मोजले, की मगच मोठी भरती करायची. हा नमुन्याचा तुकडा म्हणजे पैसेवारी काढण्यासाठी केलेला पीक-कापणी प्रयोग. सगळे शेत कापण्याआधी एक लहानसा तुकडा कापून उतारा पाहायचा. भरतीतही सर्व एकदम नको: आधी मुख्य मुद्रा काढणारे, दोन-तीन आठवड्यांनी त्या मुद्रांमधली चित्रे भरणारे, मग रेघ पक्की करणारे आणि रंग भरणारे, शेवटी थर जुळवणारे. ध्वनी आणि संगीताची मंडळी त्याहून पुढे. पैसे द्यायचे ते मासिक वेतनाने की उक्ते, हा जुना वाद येथेही आहेच. पुष्कळ ठिकाणी तयार झालेल्या सेकंदांवर दर ठरतो, जसा तेंदूला शेकडा पुड्यांवर. उक्त्यात काम झपाट्याने होते, पण हलके शॉट सगळे धावून घेतात आणि भारी शॉटला कोणी हात लावत नाही. मासिक वेतनात काम मन लावून होते, पण महिना संपतो आणि शॉट संपत नाही. प्रतबंदी नीट केलेली असेल, तर भारी शॉटला भारी दर लावून यातून वाट निघते.

इतकी कसबी माणसे आणायची कोठून? तयार माणूस बाजारात मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि आपल्या देशात ती घडण कशी झाली याची परंपरा मोठी मनोरंजक आहे. ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा सचेतनपट काढला, हे खरे. पण तसे प्रयत्न सुटे सुटे राहिले. १९५६ च्या सुमारास मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभागाची घडी बसली. डिस्नेच्या स्टुडिओत ‘बांबी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि त्यांच्या हाताखाली ‘बॅनियन डीअर’ हा जातककथेवरचा लघुपट तयार करता करता येथली मुले शिकली. त्या मुलांतले एक राम मोहन. पुढे जपानी निर्माते युगो साको यांच्याबरोबरच्या रामायणावरील सचेतनपटाचे, जो १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि ज्यावर सुमारे साडेचारशे चित्रकार खपले, ते एक दिग्दर्शक झाले. आणि राम मोहन यांच्याच स्टुडिओत गीतांजली राव यांनी उमेदवारी केली. वीक्स, राम मोहन, राव, आणि रावांच्या हाताखालचे साठ जण. एखाद्या गायकी घराण्याची असावी तशी ही वंशावळ आहे. पेपरबोटनेच ‘बॉम्बे रोज’च्या आधी शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा सचेतनपट बालचित्र समितीसाठी केला होता. तो २०१३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्या चित्रपटगृहांत यायला २०१९ साल उजाडले. सहा वर्षे! चित्रपट संपल्यावर तो दाखवण्याची तजवीज, हाही योजनेचाच भाग आहे, पण त्यासाठी नेमणूक करायला त्या वेळी तिजोरीत काही उरलेले नसते.

तिजोरीचा विषय निघाला, की दादासाहेब फाळक्यांपाशी यावेच लागते. १९१२ मध्ये लंडनमध्ये कॅमेरा विकत घेऊन ते परतले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसा देणारा कोणी नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, आणि त्याच्या अंकुराचे दररोज थोडे थोडे चित्रण करून तो पडद्यावर पाहता पाहता वाढताना दाखवला. हा तुकडा पाहूनच नाडकर्णी नावाच्या व्यापाऱ्याने भांडवलाची तयारी दाखवली. चौकटीचौकटीने चित्र घेण्याची, म्हणजे सचेतनपटाचीच, ही युक्ती. पुढे महायुद्धाच्या काळात आगकाड्या नाचवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ही केली. मला या हकिकतीत वाटाण्याइतकीच त्यांची पत्नी सरस्वतीबाई महत्त्वाची वाटते. मंडळींचा स्वयंपाक, फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम, आणि दागिने गहाण टाकण्यास संमती, हे तिन्ही तिने केले. आजच्या भाषेत भोजनव्यवस्था, तंत्रसाहाय्य आणि सहनिर्मिती असे तीन विभाग एकाही पगाराविना चालले. स्वतंत्र निर्मात्याच्या घरात आजही असे एक माणूस असते, आणि आजही त्याचे नाव पाटीवर फार बारीक अक्षरांत येते.

पैशाचा हिशेब करताना हक्कांचा खर्चही आधीच धरावा. अमेरिकेत नीना पेली यांनी सीतेच्या कथेवरचा ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा २००८ चा चित्रपट घरच्या संगणकावर एकटीने केला. त्यात १९२० च्या दशकातली गाणी होती, आणि त्या गाण्यांच्या हक्कांपायी चित्रपट अडकून पडला. अखेर हजारो डॉलर मोजून सुटका झाली. आमच्या रंगमंचावर गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर लावणी उभी राहते आणि कोणी हरकत घेत नाही. चित्रपटात मात्र घेतील. गाणी नवी बांधावीत, आणि बांधणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

आमचा रंगमंच म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. वडसा हे तिचे केंद्र. दिवाळी झाली, की तेथील नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांत गावोगावची मंडळी तारखा ठरवायला येतात, आणि मग होळीपर्यंत कोठे मंडई, कोठे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, त्या निमित्ताने रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन तांबडे फुटेपर्यंत चालणारी नाटके. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिंदेवाही तालुक्यातले नवरगावही नाटकवेडे म्हणून ओळखले जाते. मनुष्यबळाची योजना कशी करावी, हे मला पुस्तकांपेक्षा या मंडळांच्या चालकांनी अधिक शिकवले. आज या गावी, उद्या चाळीस मैलांवर. नट नाईटवर, वादक नाईटवर, पडदे-रोषणाईचा ट्रक वेळेवर, नायिका नागपूरहून येणार तर तिची सोय आधी, आणि कोणी आजारी पडला तर त्याच रात्री त्याची भूमिका उचलू शकेल असा दुसरा मंडळात हजर. एकाच माणसाने सकाळी हिशेब लिहायचा आणि रात्री खलनायक व्हायचे, हे तेथे नवल नाही. लहान सचेतनपटालाही अशीच दुहेरी माणसे हवीत: स्टोरीबोर्ड रेखाटणाराच पुढे मांडणी तपासेल, पार्श्वभूमी रंगवणाराच शेवटी रंगसंगती जुळवेल. फरक एवढाच, की नाटकातली चूक प्रॉम्प्टर सावरतो आणि ती पहाटेबरोबर विरते, तर येथली चूक कायमची राहते.

त्या तरुणाच्या चित्रपटाला आवाज याच नटांचे हवेत, याबद्दल आमचे एकमत झाले. झाडीबोलीचा हेल पुण्या-मुंबईच्या नटाला शिकवण्यात पैसे घालवण्यापेक्षा ती बोली ज्याच्या घरची आहे त्याला बोलवावे. प्रॉम्प्टरच्या सवयीमुळे कानात पडलेले वाक्य तत्काळ भावनेसह बोलण्याची त्यांची हातोटी ध्वनिमुद्रणाला फार उपयोगी पडेल. मात्र मंडपाच्या टोकापर्यंत फेकायचा आवाज मायक्रोफोनपुढे आवरायला एक-दोन दिवस सराव लागेल, तो वेळ धरून ठेवायचा. आवाज आधी आणि चित्र मागाहून, हा या कलेचा क्रम असल्यामुळे, ओठ आवाजावर हलवायचे असल्यामुळे, सबंध वेळापत्रकाची खुंटी या ध्वनिमुद्रणाच्या तारखेवर आहे.

मग आम्ही तारीख शोधू लागलो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत नट मोकळे नाहीत, सीझन आहे. मृग लागला, की निम्मे लोक शेतात. रोवणी आटोपून धान घरी येईपर्यंत हाक मारण्यात अर्थ नाही. भर वैशाखात पंधरा-वीस दिवस काहीजण घरच्यांबरोबर तेंदूला जातात. उरला चैत्र, आणि वैशाखाचे पहिले काही दिवस. त्या दिवसांत सिंदेवाहीच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि पंखा लावला तर तो मुद्रणात ऐकू येतो. तेव्हा ध्वनिमुद्रण रात्री दहा ते पहाटे चार, असे खर्ड्यावर लिहिले. ‘‘त्यांची तीच वेळ आहे, काका,’’ तरुण म्हणाला, आणि त्या ओळीपुढे त्याने चहाचा खर्च मांडला.